शाळा सुटल्यावरचा वर्ग

ताट माह्या हातात होतं. पितळेचं, घासून लख्ख केलेलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. पाव्हण्यायची गाडी मारुतीच्या मंडपासमोर येऊन थांबली, धुराळा उडाला, अन् ज्योत विझू नये म्हणून मी ताटावर आडवा हात धरला. तेवढ्यात मागून काकू आली.

"दे बाई इकडं. जड होईल तुले."

ताट जड नव्हतं. मी वांग्याचं भरलेलं कॅरेट डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी पोरगी. पण काकूनं ते माह्या हातातून काढून घेतलं. हिसकलं नाई. हसत हसत, दोन्ही हातानं, लेकराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं. मंडपाच्या बाजूले नळ होता. तिथं गेली. कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं नालीत टाकलं. निरांजन विझवलं. ताट धुतलं, निरांजन धुतलं, पदरानं पुसलं. मंग देवापुढचं कुंकू घेतलं, नवी वात लावली अन् ते ताट आपल्या पोरीच्या हातात दिलं. वैष्णवीच्या. वैष्णवी सातवीत माह्याच वर्गात होती, माह्याच बाकावर बसत होती.

काकू म्हणजे गावच्या माजी सरपंचाची बायको. सगळं गाव तिले काकू म्हणते. मी बी म्हणत होती. माही माय तिच्याच वावरात वांगे तोडायले जायची.

हे सगळं गाडीचे दरवाजे उघडेपर्यंत उरकलं. सगळ्यायनं पाह्यलं. शाळेचे सर तिथंच उभे होते, त्यायनं पाह्यलं. पोरायनं पाह्यलं. जिनं ते ताट मले दिलं होतं त्या संध्याकाळच्या वर्गाच्या ताईनं बी पाह्यलं, अन् मंग ती मोबाईलमध्ये कायतरी शोधायले लागली. माहे हात अजून ताट धरल्यासारखेच पुढं होते.

"तू तिकडं उभी राह्य," काकू मले म्हणाली. "पाव्हण्यायच्या चपलायकडं ध्यान ठेव. कुत्रं नेईल."

मी गेली. चपलायजवळ उभी राह्यली. बारा वर्षांची होती मी.

पाव्हणे पुण्याहून आले होते. गावात शाळा सुटल्यावर संध्याकाळचा एक वर्ग चालत होता, त्या वर्गाले मदत देणारे लोक ते. वैष्णवीनं त्यायले ओवाळलं. फोटो निघाले. टाळ्या झाल्या. मंग ताईच्या मनात काय आलं कोन जाणे, तिनं मले चपलायजवळून हाक मारली. पाव्हण्यायले म्हणाली, "ही आमची सगळ्यात धीट मुलगी. सांग गं, वर्गात तू काय काय शिकलीस?" मले सगळं सांगता येत होतं. रात्रंदिवस तेच तं बोलायची मी. पण मी चपलायकडंच पाहत राह्यली. एका पाव्हण्या बाईनं माह्या गालाले हात लावला. "लाजाळू आहे हो," म्हणाली. लाजाळू. मी. माह्या मायनं ऐकलं असतं तं हसून हसून तिचं पोट दुखलं असतं.

आता तो वर्ग काय होता ते सांगते. नाईतर तुमाले वाटंल, एवढ्याशा ताटासाठी ही बाई इतक्या वर्षांनी काऊन बोलून राह्यली.

आमच्याकडं शाळा सुटली की पोरगी घरची. दप्तर खुंटीले अडकवायचं, अन् मंग शेळी, पाणी, झाडझूड, भाकरी. वावरात तोडणी असली तं शाळेतूनच तिकडं जायचं. पोरायले निदान क्रिकेट असते, पारावर बसणं असते. पोरीले संध्याकाळच नसते. शाळेत जे कायी डोक्यात शिरलं ते चुलीपाशी येईपर्यंत निघून जायचं. अभ्यास झाला का, असं मले घरात कधी कोनी विचारलं नाई. विचारतील कसे? माय अंगठेबहाद्दर, बाबा चिखलीच्या अडतीवर हमाल. सांजच्याले दोघायचीही कंबर मोडलेली असायची.

मंग वर्ग चालवणारी ती संस्था आली. ताई चिखलीत खोली करून राहायची, रोज जीपनं गावात यायची. एक लोखंडी पेटी आणली होती तिनं. पेटीत गोष्टीची पुस्तकं, भिंग, लोहचुंबक, रंग, कॅरम. वर्ग भरवायचा कुठं? शाळेत भरवावा असं ताईले वाटत होतं, पण सर म्हणाले, पाचनंतर चावीची जबाबदारी मी घेणार नाई. मंग काकूच्या घरच्यायनं मोठ्या मनानं मारुतीचा मंडप दिला. वर टिनपत्रे, खाली फरशी, पंखे, लाईट. मंडप गावाचा, असं सगळेच म्हणाले.

आम्हाले मंडपात येऊ नका असं कोनी म्हटलं नाई. आजकाल असं कोनी म्हणत नाई, सगळ्यायले कायदा माहीत आहे. गोलात बसायचं हा ताईचा नियम होता. पुढचा बाक नाई, मागचा बाक नाई. पण गोलाची आमची बाजू रोज पायरीकडंच यायची. कोनी ठरवलं नव्हतं. तशी यायची. पाण्याचा माठ होता, त्यातून कोनीतरी वरून ओतायचं अन् आम्ही ओंजळीनं प्यायचो. मले तेव्हा याचं कायी वाटत नव्हतं. खरं सांगते, नव्हतं वाटत. मले त्या पेटीपुढं दुसरं कायी दिसतच नव्हतं.

ताईचा दुसरा नियम होता, रोज प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा. कसलाबी. मी एकदा विचारलं, लोणारचं तळं खारट काऊन आहे, तिथं तं समुद्र नाई. ताई म्हणाली, "मलाही नीट माहीत नाही. आपण शोधू." मोठं माणूस, शिकलेलं माणूस, मले माहीत नाई असं म्हणते, हे मी जिंदगीत पहिल्यांदा ऐकलं. शाळेत प्रश्न विचारला की सर म्हणत, "परीक्षेत येणार आहे का ते?" ताई दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आली. आम्ही डोक्याले डोकं लावून ते वाचलं. मले रात्री झोप आली नाई. म्हणजे माह्या डोक्यात जे येते ते पुस्तकातबी असू शकते. हे मले शाळेनं सात वर्षांत सांगितलं नव्हतं.

माह्या काकाची पोरगी शालू माह्यासोबत यायची. पाचवीत होती अन् तिले वाचता येत नव्हतं. शाळेत तिले सगळे ढब्बू म्हणत. ताईनं तिले जवळ घेतलं, चित्राची पुस्तकं दिली, घाई केली नाई. दिवाळी झाल्यावर शालू अक्षर जुळवायले लागली. एक दिवस जीपच्या मागं लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचलं अन् रस्त्यातच उड्या मारल्या.

भिंग घरी न्यायची परवानगी होती. मी ते मायच्या तळहातावर धरलं. वांग्याच्या काट्यायनं झालेल्या बारक्या बारक्या जखमा दिसल्या, त्यात काळी माती बसलेली. माय म्हणाली, "माह्या हाताचं काय पाहतं? पुस्तकात पाह्य." पण तिले आवडलं होतं, मले कळलं. बाबा म्हणत, संध्याकाळची पोरगी मारुतीपाशी काऊन पाह्यजे? माय म्हणायची, "जाऊ द्या तिले. शेळीचं मी पाह्यतो, भाकरीचं बी मीच पाह्यतो." दिवसभर वावरात वाकून आलेली बाई. तिनं माही संध्याकाळ आपल्या अंगावर घेतली होती.

ताई माहं बोलणं सुधारायची. "मले नाही गं, मला म्हण." तिच्यासमोर मी मला म्हणायची, घरी आली की मले. आता मी बोलते तशीच सांगून राह्यली. ज्याले गावठी वाटंल त्यानं कान झाकावे.

तं त्या वर्गात मी सगळ्यात पुढं होती. नाटकात मी, प्रश्नात मी, भाषणात मी. म्हणून ताईनं ताट मले दिलं. तिले आमच्या गावचं काय माहीत? तिच्या हिशोबानं हुशार पोरीनं पाव्हण्यायले ओवाळायचं असते. एवढीच तिची चूक. पण मलेबी ते ताट पाह्यजे होतं, हेही तितकंच खरं.

त्या दिवशी घरी आली तं माय भाकरी थापत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. मले वाटलं माय जवळ घेईल. काकूले शिव्या देईल. तिनं हातातली भाकरी परातीत ठेवून दिली.

"तू ते ताट धरायले गेलीच काऊन?"

मी डोळे पुसत राह्यली.

"आपण धम्म घेतला कवाचा. आपल्या घरात निरांजन हाये का? माह्या कपाळाले कधी कुंकू पाह्यलं? अन् तुले त्यायचं ताट पाह्यजे."

"ताईनं दिलं मले. सगळ्यायतून मले दिलं."

"मंग मले एक सांग. त्यायनं काढून घेतलं म्हणून रडून राह्यली, का धरायले भेटलं नाई म्हणून?"

असं कोनी विचारते का लेकराले? मले मायचा राग आला. काकूचा आला होता त्याहून जास्ती. मी उठून विहाराच्या ओट्यावर जाऊन बसली. मायचं म्हणणं डोक्यातून जाईना. मी त्या ताटाची वाट पाहत होती. आदल्या दिवसापासून केस धुऊन, नवे रिबिन लावून. काकूनं माह्याकडं पाहावं, वैष्णवीच्या मैत्रिणींनी पाहावं, आता ही आपल्यातली असं त्यायले वाटावं, हे माह्या मनात होतं. कोनी शिकवलं होतं मले ते? कोनीच नाई. पायरीकडच्या बाजूले बसून बसून ते आपोआप आलं होतं. रडू थांबलं. त्याच्या जागी दुसरंच कायतरी आलं. कडू, अन् एकदम साफ. मले त्यायच्यातली व्हायचं नव्हतं. मले माहा वर्ग पाह्यजे होता.

दुसऱ्या दिवशी माय काकूच्याच वावरात वांगे तोडायले गेली. हाताले काम दुसरीकडं नव्हतं.

चार-आठ दिवसांनी ताई विहारात आली. आमच्या वस्तीतल्या मोठ्या माणसायले बोलावलं होतं, आम्ही पोरंबी होतो. ताई भिंतीले टेकून बसली, तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, झाल्या प्रकाराबद्दल मला वाईट वाटतं, मला माहीत नव्हतं. मंग खरी गोष्ट सांगितली. मंडपवाल्यायचं, म्हणजे काकूच्या घरच्यायचं, म्हणणं होतं, वर्गाचे दोन गट करा. एक मंडपात, एक विहारात.

"तुमच्या मुलांना लांब यायला नको," ताई म्हणाली.

विहारातून मंडप दिसतो. मधात एक नाला, त्यावर फरशीचा पूल. लांब कायले?

पेटी मंडपात राहणार होती. मंगळवारी अन् शुक्रवारी इकडं येणार होती. ताईबी तेव्हाच येणार होती. बाकीच्या दिवशी आमचं आम्ही बसायचं.

मोठी माणसं वाईट नव्हती. त्यायले ते बरं वाटलं. एक म्हणाला, "चांगलं हाये की. आपलं आपल्याले. कोनाची मिजास नाई." बाबांनीही मान हलवली. विहार आमचा होता, लोकायनं घाम गाळून, वर्गणी करून बांधलेला. तिथं आम्हाले वरून पाणी ओतणारं कोनी नव्हतं. त्यायच्या म्हणण्यात खोट नव्हती. म्हणून तं ते मले जास्तीच टोचलं.

ताईनं सवयीनं विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

मी उभी राह्यली.

"ताई, वैष्णवी विहारात येईल का?"

"तिला कशाला यावं लागेल? तिचा गट तिकडे आहे."

"मी मंडपात येत होती. मले कायले यावं लागत होतं?"

ताई फरशीकडं पाहायले लागली.

"दोन गट कोनी मागितले? आमी तं नाई मागितले."

"असं बघ," ताई हळूच म्हणाली, "गावात वाद नको. वर्ग चालू राहणं महत्त्वाचं आहे ना?"

"हाव. म्हणून शाळेत भरवा. शाळा सगळ्यायची हाये."

"आणि शाळा नाही मिळाली तर?"

मले उत्तर माहीत होतं, पण ते तोंडातून निघायले वेळ लागला. कारण मले माहीत होतं मी काय हातचं सोडून राह्यली.

"तं मी येणार नाई. मंडपात बी नाई अन् इथंबी नाई."

"बस खाली," बाबा ओरडले. "तुह्या एकटीचा हाये का वर्ग?"

बाबांचं बरोबर होतं. माह्या एकटीचा नव्हता. शालू माह्या बाजूले बसली होती, माहा फ्रॉक धरून खाली ओढत होती. तिच्या डोळ्यात पाणी होतं. मी बसणारच होती. तेवढ्यात बायायच्या बाजूनं मायचा आवाज आला.

"बसू नको. बोल."

माय कधी बैठकीत बोलत नव्हती. सगळे वळून पाहायले लागले. ती उभी राह्यली, पदर खोचला. "माह्या पोरीच्या हातातलं ताट धुतलं त्यायनं," ती म्हणाली. "आता वर्गबी धुऊन घेऊन राह्यले. आपण हाव म्हटलं तं आपल्याच हातानं धुतल्यासारखं हाये. मले नाई पाह्यजे असं शिक्षण."

त्यावर खूप वाद झाला. कोनी म्हणे मायलेकी दोघी येड्या, कोनी म्हणे बरोबर हाये. शेवटी ठरलं, दोन गट नाई. शाळेत भरला तं भरला. ताईनं सरायले परत विचारलं. सर म्हणाले, नको. मंडपवाले म्हणाले, मंग आम्हालेबी नको. संस्थेले वाद नको होता, तिले दुसरी गावं होती.

पेटी न्यायले जीप आली तेव्हा आम्ही सगळी पोरं उभी होतो. नाल्याच्या इकडली अन् तिकडली बी. ताई रडली. तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला. मी डोकं बाजूले केलं. ती वाईट नव्हती. तिनं मले जे दिलं ते कोनी दिलं नाई. पण वेळेवर तिनं तोंड उघडायले पाह्यजे होतं, अन् तिनं उघडलं नाई. जीप गेली. पोरं माह्याकडं पाहत होती. एक जण म्हणालाच, "तुह्यामुळं गेला वर्ग."

काकूनं मायले कामावर बोलावणं बंद केलं. का, ते सांगितलं नाई, सांगायची गरजबी नव्हती. माय मंग जीपमध्ये बसून दुसऱ्या गावच्या वावरात जायची, उजाडायच्या आत निघायची. माही संध्याकाळ परत शेळी अन् चुलीची झाली.

अन् शालू. शालूचं वाचणं सुटलं. अर्धवट जुळलेली अक्षरं घरी कोन जुळवून देणार? आठवीत नापास होईल या भीतीनं तिनं शाळा सोडली, दोन सालानं तिचं लग्न लावून दिलं, जाफ्राबादकडं. ती माह्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हती. आता बोलते. पण एकदा म्हणाली, "तुले काय, तू हुशारच होती. वर्ग मले पाह्यजे होता." जीव तुटते माहा तिच्यासाठी. तरी मी सांगते, मले पस्तावा नाई. शालूचं वाचणं मी नाई तोडलं. एका गोलात बसायले ज्यायच्या अंगाले काटा येतो त्यायनं तोडलं. हे शालूलेबी मी सांगितलं, तिच्या तोंडावर. तिले पटलं का नाई, माहीत नाई.

मी शिकली. एसटीनं चिखलीले जाऊन बारावी केली, मंग लॅबचा कोर्स केला. आता चिखलीत एका लॅबमध्ये लोकायचं रक्त तपासते. रक्ताच्या बाटलीवर नंबर असते. काचेखाली सगळ्यायचं सारखंच दिसते, हे काय मी सांगायले पाह्यजे? सकाळची ड्युटी असते, दुपारच्या जीपनं गावात येते. अन् शाळा सुटली की शाळेच्या व्हरांड्यात वर्ग घेते.

हो, शाळेत. नव्या मॅडम आल्या तेव्हा मी त्यायच्या मागंच लागली. रोज जाऊन बसायची. शेवटी मॅडम म्हणाल्या, घ्या बाई, पण चावी तुमच्या जबाबदारीवर. मले तेच पाह्यजे होतं. पेटी नाई माह्याकडं. थोडी पुस्तकं आहेत, माहा मोबाईल आहे, लॅबमधलं एक जुनं सूक्ष्मदर्शक मागून आणलं आहे. पोरं गोलात बसतात अन् जागा रोज बदलतात. काल जो पायरीकडं बसला तो आज भिंतीकडं. हे मी ठरवून केलं आहे. सुरुवातीले नाल्यापलीकडची पोरं कमी यायची. मंग त्यायचे गुण वाढायले लागले, पोरं मोबाईल सोडून वर्गाले पळायले लागली, तसे मायबाप गुपचूप पाठवायले लागले. एक पोरगी घरात तोंड उघडत नव्हती, ती आता तलाठ्याले बी प्रश्न विचारते. कोनी म्हणते, शाळा आहेच की, मंग हा वर्ग कायले? मी म्हणते, शाळेत लेकरू शिकते अन् घरी राबते. मधातला हा वेळच तेवढा त्याचा आहे. तिथं ते पहिल्यांदा माणसासारखं बोलते.

काकूची नातबी यायची. चौथीतली. काकूचा पोरगा शाळा समितीचा अध्यक्ष आहे, त्याची पोरगी. मोठी गोड, अन् भांडकुदळ. आमच्या वस्तीतल्या एका पोरीसोबत तिचं जमलं होतं, दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. तेच नडलं.

मागच्या आठवड्यात काकू शाळेत आली. आता थकली आहे, गुडघे दुखतात. मी खुर्ची दिली. बसली.

"तू लय चांगलं शिकवतं, सगळं गाव म्हणते," ती म्हणाली. "आमच्या पोरीले घरी येऊन शिकवत जा. ओसरीत बस आरामात. चहापाणी करीन. जे म्हणशीन ते देईन."

"इथंच येते ना ती, काकू. काय झालं?"

"झालं कायी नाई. पण इथं सगळीच असतात. तुले समजते ना मी काय म्हणतो ते."

मले समजलं. बारा वर्षांची होती तेव्हाच समजलं होतं.

"मी घरी येत नाई, काकू. कोनाच्याच घरी जात नाई. तिले शिकवीन, पण इथं, सगळ्यायसोबत."

"पाह्य मंग," काकू म्हणाली. आवाज चढवला नाई. तिनं कधीच चढवला नाई. "आमचा पोरगा म्हणत होता, संध्याकाळी शाळा उघडी ठेवणं धोक्याचं हाये म्हणून. कायी कमी-जास्ती झालं तं कोन निस्तरंल? आतापर्यंत मीच त्याले थांबवलं."

सोमवारी मॅडमनं चावी मागितली. त्या खाली पाहत होत्या. म्हणाल्या, "समितीचा ठराव आहे. मलापण माझी नोकरी आहे हो." मी चावी दिली. संध्याकाळी फाटकाले कुलूप. पोरं आली, दप्तर घेऊन उभी. आम्ही फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेले बसलो. मधात ट्रॅक्टर आला की उठायचं, गेला की परत बसायचं. नाल्यापलीकडची निम्मी पोरं आली नाई. काकूची नात आली नाई.

मी चिखलीले पंचायत समितीत जाऊन आली. साहेब म्हणाले पाहतो. ते कधी पाहतील माहीत नाई. समितीवाले म्हणतात, रस्त्यावर लेकराले गाडीनं उडवलं तं तुह्यावर केस करू. ट्रॅक्टरचा आवाज आला की लेकरं मोजते मी.

काल बाबा जवळ येऊन बसले. आता त्यायच्यानं पोतं उचलत नाई, घरीच असतात. म्हणाले, "विहारात घे ना बाई. लाईट हाये, सावली हाये. आपली जागा हाये, कोनी कुलूप लावणार नाई. रस्त्यावर लेकरं मरतील अशानं." त्यायच्या आवाजात राग नव्हता. काळजी होती. अन् वस्तीतल्या बायाबी तेच म्हणून राह्यल्या. विहारात घे. एवढी कायले अडून बसली?

बाबांशी मी वाद घातला नाई. पण मनात सगळं ठरलं आहे, ते इथं सांगून टाकते.

विहारात मी वंदनेले जाते. मरेपर्यंत जाईन. पण वर्ग तिथं नेला की गाव मोकळं होईल. म्हणेल, त्यायचं त्यायनं नेलं, बरं झालं. शाळेचं फाटक माह्या लेकरायसाठी कायमचं बंद होईल अन् ते बंद करायले मीच हात लावलेला असेल. ते मी करणार नाई. रस्त्यावर लेकरं बसवायचीबी मले हौस नाई, म्हणून उद्यापासून फाटकाच्या आतल्या बाजूले बसणार. फाटक कंबरेएवढं आहे, ओलांडता येते. सरकारच्या शाळेत सरकारची लेकरं बसली म्हणून ज्याले पोलीस बोलवायचे असतील त्यानं बोलवावे. माहं नाव द्यावं, लेकरायचं नाई. लॅबमधली नोकरी गेली तरी चालंल, दुसरी पाहीन.

अन् काकूच्या नातीले तिच्या घरी जाऊन शिकवणार नाई. एक दिवस नाई, एक तास नाई. ती आली तं तिले जागा आहे, जिथं मोकळी असेल तिथं. नाई आली तं मले वाईट वाटंल, लय वाईट वाटंल. पण तिच्यासाठी मी दुसरा वर्ग काढणार नाई.